अरूदादा, गिटार मी निवडली होती

प्रिय अरूदादा,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फार मनावर घेऊ नकोस.

उद्या तुला जाऊन वर्ष होईल. तुझ्या विद्यार्थ्यांनी स्वारगेटजवळ हॉल घेतलाय. संध्याकाळी सहाला तुझ्या आठवणींचा कार्यक्रम आहे, आणि परवा त्याची पत्रिका घरी आली. गुळगुळीत कागद, वर तुझा मोठा फोटो. मान तिरकी, डोळे मिटलेले, कान गिटारीच्या अंगाला टेकलेला. खाली छापलंय, 'सरांचा कान'. आणि अगदी तळाला, चहापानाच्या वरच्या ओळीत, 'दीपप्रज्वलन : सरांच्या भगिनी'. नाव नाही! जसं काही भगिनी हे पद आहे आणि माझी त्यावर नेमणूक झाली आहे.

पत्रिका वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. म्हटलं, शैले, आता लिही. उद्या एकदा स्टेजवर चढलीस की याला सांगायला सवड मिळायची नाही.

हो, चढणार आहे. आणि दिवा लावून लगेच उतरणार नाही. माझ्याबरोबर गिटार असणार आहे, सेमी-हॉलो, स्वतः दुकानात जाऊन निवडलेली. दचकलास?

दचकूच नकोस. पहिलीसुद्धा मीच निवडली होती. आठवतं का तुला, की इतकी वर्षं 'मी निवडली, मी निवडली' सांगून तुझंच तुला खरं वाटायला लागलं होतं?

मी वीस वर्षांची होते. सदाशिव पेठेतल्या दोन भाड्याच्या खोल्या, आणि त्यातल्या बाहेरच्या खोलीत नाना दुपारी एक ते चार झोपायचे. पुण्यात या वेळेवर विनोद करतात, आमच्या घरी तो कायदा होता. मी शिकवण्या करून पैसे जमवले ते गिटारीसाठी, पण कुठली घ्यायची? साधी लाकडी पोकळ गिटार घेतली तर पहिल्याच सुराला नाना उठतील. भरीव इलेक्ट्रिक घेतली तर अँप लावल्याशिवाय मलाच काही ऐकू येणार नाही. मला हवी होती मधली, सेमी-हॉलो. आत मधोमध लाकडाचा ठोकळा, दोन्ही बाजूंना थोडी पोकळी, वर दोन नागमोडी खाचा. अँप न लावता हलक्या हाताने वाजवली आणि तिच्या खांद्याला कान टेकला, तर वाजवणाऱ्यालाच नीट ऐकू येते, झोपलेल्याला नाही.

म्हणजे नानांची झोप मोडत नाही आणि माझी दुपारही फुकट जात नाही! इतका साधा हिशेब होता, दादा. त्याला पुढे लोक 'सरांचा कान' म्हणायला लागले.

कॅम्पातल्या त्या दुकानात तू माझ्याबरोबर आलास, कारण मुलगी एकटी गेली तर दुकानदार दाखवायचा नाही. दाखवली त्याने तुलाच. मी तीन गिटारींच्या खांद्यांना कान लावून पाहिला आणि म्हटलं, 'ही.' दुकानदाराने तुला विचारलं, 'साहेब, बाईंना कानाचा काही त्रास आहे का?' तू हसलास. मीही हसले, मूर्खासारखी.

वर्षभर ती माझी होती. रेडिओवर एकदा ऐकलेला तुकडा मी दुपारी तारांवर शोधून काढायचे, आणि पाचला नाना फिरायला गेले की तुला शिकवायचे. तू चांगला शिकायचास, खोटं कशाला बोलू? हात गोड होता तुझा. डोकं मात्र माझं लागायचं. त्याच दुपारींत मी एक स्वतःचा तुकडा बसवला, मिनिटभराचा. तोही तुला शिकवला. त्यात एका जागी करंगळी पार पलीकडे ताणावी लागते आणि तिथून सूर खाली उतरत येतात. तुझी करंगळी काही पोचेना. तू ती जागा गाळलीस, तिथे दोन मात्रा नुसता थांबलास आणि पुढचं वाजवलंस. मी म्हटलं, 'दादा, हे भोक पडलंय.' तू म्हणालास, 'कुणाला कळतंय?'

मग तुला ऑर्केस्ट्रात काम मिळालं. 'शैले, एका कार्यक्रमापुरती दे गं.' दिली. तो एक कार्यक्रम चाळीस वर्षं चालला.

आता एक सांगते. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही. त्या वर्षीच्या गणपतीतला तुझा पेठेतला कार्यक्रम आठव. समोर अख्खी गल्ली सतरंज्यांवर बसलेली. सेमी-हॉलो गिटारीची एक खोड असते, आवाज वाढवला की अँपचा सूर तिच्या पोटात शिरतो आणि ती आपणहून घुमायला लागते. म्हणून मी नानांच्या जुन्या धोतराचे दोन बोळे शिवले होते, खाचांत बसतील असे. त्या दिवशी स्टेजच्या मागे मी तुला पाणी द्यायला आले होते. निवेदक तुला विचारत होता आणि तू सांगत होतास, 'गिटार मी स्वतः निवडली, आणि हा तुकडाही माझाच.' मी पाण्याचा तांब्या ठेवला. गिटार खुर्चीवर आडवी पडली होती.

ते बोळे मी काढले आणि खुर्चीखाली टाकले, दादा!

तू आवाज वाढवलास आणि ती घूंऽऽ करून अशी रडायला लागली की पुढची पोरं कान झाकून उठली. तू तळहात ठेव, मागे सरक, अँपकडे पाठ कर, काही उपयोग होईना. मागून कोणीतरी ओरडलं, 'अहो, स्टेजखालचं कुत्रं आधी हाकला!' सगळी गल्ली हसली. मीही हसले, पदर तोंडात धरून. पश्चात्ताप? चार दिवस झाला. मग माझं लग्न ठरलं, आणि सामान बांधताना मी गिटार मागितली, तेव्हा तू भरल्या घरात म्हणालास, 'सासरी काय रुखवतात मांडणार आहेस?' सगळे हसले. त्या दिवसापासून पश्चात्ताप गेला तो गेलाच.

नंतर मी बँकेत लागले, मुलगी वाढवली, निवृत्त झाले. तू 'अरविंद सर' झालास. तुझा क्लास नावारूपाला आला. गिटार घ्यायची म्हटलं की अर्धं पुणं तुला बरोबर न्यायचं, आणि तू दुकानात सगळ्यांसमोर कान लावून 'ही' म्हणायचास. मी राखीपौर्णिमेला यायचे, ओवाळायचे. भिंतीवर ती टांगलेली असायची. 'हात लावू का?' असं मी एकदाच विचारलं. तू म्हणालास, 'सूर उतरतात गं.'

तर मग दशक्रियेचा दिवस. घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर सात-आठ बसलेले, एक खाली येईल तर शपथ. वसुधावहिनींनी हात जोडून सांगितलं, मुलांची काळजी करू नका. निलेश म्हणाला, सर, क्लास बंद पडू देणार नाही. तुझा लाडका विद्यार्थी तो, खराडीला कंपनीत असतो आणि संध्याकाळी तुझा क्लास चालवतो. कावळे ढिम्म. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुरुजी म्हणाले, 'ताई, आपलं काही राहिलंय का? कबूल करून टाका.'

तुला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. 'मी कुणाला काही सांगणार नाही' हे शब्द हवे होते तुला. मी हात जोडून उभी राहिले आणि मनात म्हटलं, आधी तू कबूल कर, मग मी करते. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववला. लोक म्हणाले, जीव कशात अडकला होता कोण जाणे.

तोवर माझं भांडण फक्त गिटारीचं आणि त्या तुकड्याचं होतं. तेराव्याला बापू आले. तुझ्या ऑर्केस्ट्राचे मालक, आता काठी टेकत चालतात. मला न्याहाळून म्हणाले, 'तुम्हीच ना अरविंदाची बहीण? अहो, एकदा दुपारी मी तुमच्या दारात उभा राहून, कान देऊन तुमचं बारीक वाजवणं ऐकलंय. चपला हातात घेऊन उभा होतो, वडील झोपलेले म्हणून. मी अरविंदाला म्हटलं, बहिणीला आण रे, आपल्याकडे वाजवणारी मुलगी कुठे आहे! तो म्हणाला, तिला स्टेजवर चढलं की भोवळ येते. फार वाईट वाटलं हो मला. आता बरं असतं का?'

भोवळ! मी आयुष्यात स्टेजवर चढले कधी होते, दादा? नानांना विचारलंस तू? मला विचारलंस? मी आत वाजवत असेन आणि दारात माझा जन्म ठरत होता. एका वाक्यात मिटवून टाकलास. त्यासाठी खोटं तरी धड बोलायचंस! आजार तरी बरा द्यायचास!

गंमत म्हणजे साठी उलटल्यावर आता मला खरंच कधीकधी भोवळ येते. डॉक्टरांची गोळी चालू आहे. तुझं बोलणं फुकट जात नाही हेच खरं.

बापू गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात मी बस पकडून दुकानात गेले. फार भारी घ्यायची नव्हती. बोटं चाळीस वर्षांची गंजलेली, निवृत्त बाईच्या ऐपतीत बसेल अशी हवी होती. काउंटरवर एक मुलगी होती, केस जांभळे केलेली. 'काकू, ग्रँडसनसाठी का?'

'नाही, आजीसाठी.'

ती बिचारी हसली आणि चार काढून ठेवल्या. पहिली इतकी देखणी होती की पाहूनच कळलं, सगळा पैसा रंगात गेलाय. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं करवतीसारखी हाताला लागत होती. दुसरीचं डोकं जड, हात सोडला की मान खाली. तिसरीच्या खाचेत मी मोबाइलचा उजेड पाडला तर आत मधला ठोकळाच नाही, नुसता पोकळ डबा.

'सेमी-हॉलोच आहे ती काकू, लेबलवर आहे ना.'

'लेबल सेमी असेल गं. आत हॉलोच आहे.'

चौथी अंगाने जरा लहान होती, माझ्यासारख्या बुटक्या बाईच्या कुशीत बसणारी. आवाजाची बटणं थोडी खरखरत होती, पण ते दुरुस्त होतं. कान बदलून मिळत नाहीत. मी अँप लावू दिला नाही. खांद्याला कान टेकला, खालची तार छेडली. तिचा सूर हाडातून आत आला आणि मला एकदम नानांचं घोरणं आठवलं.

मुलगी म्हणाली, 'ओ! तुम्हाला सरांची ट्रिक माहितीय? मी पण त्यांच्याच क्लासला होते.'

काय करावं त्या पोरीचं? मी सरळ माझा तुकडा वाजवायला घेतला. बोटं अडखळली, पण वाट सापडत गेली. ती करंगळीची जागा आली, मी बोट ताणलं, आणि ती मुलगी हात वर करून म्हणाली, 'काकू, सॉरी, इथे थांबायचं असतं.'

'का?'

'सरांचा पॉज आहे तो. दोन मात्रा. सर म्हणायचे, सूर सगळे वाजवतात, शांतता वाजवता आली पाहिजे. आम्ही सगळे थांबतो. एकदम फील येतो.'

दादा! तुला हात जोडले मी तिथल्या तिथे. करंगळी पोचत नाही हे सांगायची लाज वाटली म्हणून तू त्या भोकाचं तत्त्वज्ञान केलंस? आणि दरवर्षी शे-पन्नास मुलांना ते शिकवलंस? ज्यांची करंगळी आरामात पोचते अशा मुलांना!

'फील नव्हे गं बाळ,' मी म्हटलं, 'करंगळी.' तिला काही कळलं नाही. मी ती जागा पूर्ण वाजवली. ती काउंटरवर कोपरं टेकून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, 'परत वाजवा ना.' मी चौथी गिटार घेतली.

अकरा महिने झाले, रोज दुपारी अडीचला वाजवते. हे आतल्या खोलीत झोपलेले असतात, पण मी अँप लावते. पहिल्या दिवशी हे उठून आले, दारात उभे राहिले, म्हणाले, 'जरा मोठ्याने लाव, तिकडे नीट ऐकू येत नाही.' चाळीस वर्षांच्या संसारात एवढं चांगलं वाक्य त्यांनी दुसरं उच्चारलेलं नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींकडे मांजरी भागातल्या फ्लॅटवर जाऊन आले. उद्या ती जुनी गिटार हार घालून स्टेजवर ठेवणार आहेत, म्हणून वहिनी तिची धूळ पुसत होत्या. 'वन्सं, हे बघा,' म्हणाल्या, 'हे फडक्याचे बोळे. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. कार्यक्रम कितीही छोटा असो, स्टेजवर जायच्या आधी स्वतः बोटाने चाचपून बघायचे, आहेत ना म्हणून. आणि मग उगाच मागे वळून बघायचे. मी विचारायचे, कोण आहे मागे? तर म्हणायचे, कोणी नाही.'

नानांचं धोतर होतं ते. पिवळं पडलेलं, पण माझे टाके शाबूत.

म्हणजे तुला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं बोळे कोणी काढले ते. आणि तू बोलला नाहीस, कारण बोललास तर गिटारीची खोड मला तुझ्याआधी ठाऊक होती हे निघालं असतं. चाळीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमाआधी तू मागे वळून बघत होतास, मी आहे का म्हणून. तुला वाटलं असेल मला हे ऐकून वाईट वाटेल. थोडं वाटलं. रिक्षात बसल्यावर रडूही आलं. पण खरं सांगू? त्याहून जास्त बरं वाटलं. मला स्टेजवर कोणी बघितलंच नाही असं मी समजत होते. तू तरी रोज बघत होतास.

जुनी गिटार मला नकोय. राहू दे तिला हारात. तिच्यावर तुझं घामाचं आयुष्य चढलंय, मला माझी नवी पुरे.

निलेशला मी सांगितलंय, दिवा लावल्यावर मला पाच मिनिटं हवीत. तो म्हणाला, 'आत्या, सरांबद्दल दोन शब्द? बोला ना!' मी म्हटलं, 'शब्द नाहीत.' त्याने पाठ थोपटली माझी. त्याला वाटलं मला भरून आलंय. खुर्ची ठेवू का, म्हणाला. मी नको म्हटलं. गोळी घेऊन येईन, पण उभी राहून वाजवीन. बापूंना पहिल्या रांगेत बसवायला सांगितलंय.

तर दादा, घाटावर कबूल केलं नव्हतं ते आज करते. तुझ्याबद्दल मी उद्या वाईट एक शब्द बोलणार नाही. चांगलाही बोलणार नाही. मी फक्त तो तुकडा वाजवीन. ती जागा येईल, तुझे सगळे विद्यार्थी सवयीने श्वास धरून थांबतील. मी थांबणार नाही. करंगळी ताणीन आणि सगळे सूर, एकेक, खाली उतरवीन. मग कोणीतरी विचारेलच, 'आत्या, सरांनी शिकवलं का हे?' मी 'नाही' म्हणेन. बाकीचं त्यांचं त्यांना कळेल. कान लावायला तूच तर शिकवलंस त्यांना.

आणि गिटार घुमेल याची काळजी करू नकोस. वहिनींनी आठवण म्हणून तुझा तो स्टेजवरचा मोतिया झब्बा मला दिला होता. काल कात्रीने कापून त्याचे दोन बोळे शिवलेत, घट्ट, दुहेरी टाक्याचे. छान बसलेत. उद्या तू आत गप्प बसायचंस आणि मी वाजवायचं.

शैला
(गिटार)